भाऊजींनी पंपाला दिलेला ताण

देवानं पृथ्वीवर पाणी सोडलं, तेव्हा कोणती नदी कुठे वळवायची हे विचारायला तो आधी तिगावला आमच्या भाऊजींकडे आला असणार, अशी निदान भाऊजींची तरी पक्की समजूत आहे. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तिगावला त्यांचा संत्र्याचा बगिचा आहे आणि जगातल्या यच्चयावत बिघाडांवर त्यांच्याकडे एकच औषध आहे : ताण. संत्र्याला फूल यावं म्हणून महिनाभर पाणी तोडतात. झाड पार मलूल होतं आणि पाणी सोडलं की फुलांनी लदबदून जातं. यालाच ताण देणं म्हणतात. झाडांपुरतं हे ठीकच आहे. पण भाऊजींनी फ्रिजला आठ दिवस ताण दिला, मोटरसायकलला दिला, स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्यालाही दिला. एकदा ताई रुसली, तेव्हा म्हणाले, “तुमच्या बहिणीले ताण देऊन राहिलो.” ताईनं उलट त्यांच्या जेवणाला ताण दिला, तेव्हा भाऊजी एका दुपारीतच फुलले.

अशा माणसाला आमच्या शॉवरचा पंप दाखवायला बोलावणं म्हणजे शुद्ध आत्मघात. पण त्या शनिवारी मला इलाजच उरला नव्हता.

आमचं पांढुर्ण्याचं घर एकमजली. टाकी बाथरूमच्या वर जेमतेम दोन हात. त्यामुळे शॉवरला पाणी कसलं, सर्दी झालेल्या पोराचं नाक! म्हणून गच्चीवर टाकीजवळ एक छोटा पंप बसवला होता, आणि तोही आईसाठी. आई पडली तेव्हापासून तिचा उजवा खांदा वर होत नाही, तांब्या डोक्यावर नेता येत नाही. पंप असला की ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून एकटी, दाराला आतून कडी न लावता पण कोणालाही आत न घेता अंघोळ करायची. शुक्रवारी सकाळी पंप बंद पडला. माझी बायको म्हणाली, “मी घालते न्हाऊ, आई.” आई म्हणाली, “मले न्हाऊ घालायले मी काही मढं नाही झाली अजून.” आता अंघोळ नाही तर पूजा नाही, पूजा नाही तर अन्न नाही. आईला साखरेचा आजार. शुक्रवार तिनं दोन कप चहावर काढला. शनिवारी, मारुतीचा वार म्हणून, चहाही नको आणि गोळीही नको.

मिस्त्री फोनवर म्हणाला, “मी सौसरले आहो, संध्याकाळी येतो.” संध्याकाळ! इकडे आई मांडीवर कोरडं पातळ घेऊन बाथरूमसमोर बसली होती. मी मनातल्या मनात जामसावळीच्या मारुतीला पाच नारळ कबूल केले आणि तिगावला फोन लावला.

भाऊजी आले ते मोटरसायकलच्या मागे फवारणीचा नवा कोरा पाठपंप बांधून. बगिच्यासाठी बाजारातून घेतलेला, त्याचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. सासूसमोर ते कधी मान वर करत नाहीत. जमिनीकडे पाहत नमस्कार केला आणि थेट गच्ची गाठली.

स्टीलचा गिलास पंपाला लावून त्यांनी कान दिला. जाळी काढली, क्षार खरडला, पाइपातली हवा सोडली, पाणी चाखलंसुद्धा. पंप नुसता गुरगुरायचा आणि थांबायचा.

“साळेबुवा, हा थकला आहे. याले तासभर ताण द्या.”

“भाऊजी, खाली आईले ताण बसून राहिला ना!”

“एक तास.”

मी गच्चीवर येरझारा घातल्या. दर पाच मिनिटांनी बायको खालून फक्त माझ्याकडे पाहायची आणि त्या पाहण्यापुढे मारुतीची गदा मऊ. तासानं भाऊजींनी बटण दाबलं. पंप असा सुटला की भाऊजींनी मिशीवर हात फिरवला. हात मिशीच्या दुसऱ्या टोकाला पोचायच्या आत जळका वास आला, धूर निघाला आणि पंप कायमचा शांत झाला.

“माह्या हातानं मेला,” भाऊजी हळूच म्हणाले. खालून बायकोचा आवाज आला, “अहो, आईंना घाम सुटला आहे!”

भाऊजी ताडकन उठले. पाठपंपाचं प्लास्टिक फाडलं, त्याची नळी खिशातल्या ठिबकच्या जोडणीनं शॉवरच्या पाइपात खुपसली, पट्टे खांद्यावर चढवले. “गरम पाणी आणा. आईले सांगा, पंप दुरुस्त झाला.”

मी खाली जाऊन खोटं बोललो. आई उठली, भिंत धरत आत गेली. वर भाऊजी दांडा मारू लागले. गुडघा दुखरा, वय साठीपार, डोक्यावर ऊन, आणि दांडा खाली-वर, खाली-वर. आत पाणी पडल्याचा आवाज आला तेव्हा बायकोनं डोळे पुसले. मी बादल्या वाहत होतो. पाठपंपाची पहिली टाकी संपली.

“पंप काहून थांबला रे?” आतून आई.

“मोटर दम घेऊन राहिली, आई!”

“घेऊ दे. मले आज केसही धुवायचे आहेत.”

मी वर जाऊन सांगितलं. भाऊजींनी आभाळाकडे पाहिलं आणि पुन्हा दांडा धरला. तीन टाक्या लागल्या.

आईनं पूजा केली, दिवा लावला. पाटावर बसली. मी ताट पुढे सरकवलं तर तिनं हातानं अडवलं.

“पाणी छान होतं,” ती म्हणाली. “पंप धापा मात्र लय टाकत होता. आधी त्याले वाढ, मंग मले.”

भाऊजी जिन्यात उभे होते. त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदा सासूकडे मान वर करून पाहिलं असावं. दोघं एका पंगतीला बसले.

आता नवा पंप आहे, अजिबात आवाज करत नाही. तो पाठपंप भाऊजींनी बगिच्यातल्या खोलीत खुंटीला टांगून ठेवलाय, त्यात औषध भरू देत नाहीत. आणि आई अजूनही नळ सोडण्याआधी आतून विचारते, “वर कोणी आहे का रे?”

“नाही आई, मोटर आहे.”

“हं,” म्हणते, आणि थोडा वेळ थांबून नळ सोडते.