श्यामसुंदरकाकांची रुजुवात

आमच्या खालच्या मजल्यावरचे श्यामसुंदरकाका माऊसला हात लावत नाहीत. विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत त्यांच्या दारावर पाटी आहे: ‘बेल एकदाच वाजवावी. आम्हाला ऐकू येते.’ आत संगणकाचा काळाकुट्ट पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. सगळी कामं हुकूम टाइप करून.

“माऊसने काय केलंत, याची नोंद राहते का?” आधी खाकरणं, मग चष्मा वर, मग प्रश्न. या क्रमाने केलं की काका हुबेहूब जमतात. ही नक्कल मी रोज करते. “नाही ना? मग झालं.”

काकांनी एकतीस वर्षं नोंदणी कार्यालयात काढली. तिथे रुजुवात असायची. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून ‘बरोबर’ म्हणायचं. ती सवय काकांबरोबर निवृत्त झालीच नाही. कुठलाही हुकूम आधी वहीत चढतो: तारीख, हुकूम, कारण. मग काका वहीतून वाचतात, मी पडद्यावर बोट ठेवून ‘बरोबर’ म्हणते आणि मगच एंटर.

परवा शनिवारी दुपारी मंदाकिनीकाकूंनी वरच्या जिन्यापर्यंत ऐकू येईल अशी हाक मारली. “तनया, खाली ये! डिस्क गेली!”

काकू अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. नऊ वर्षांचं वाचन त्या एका डिस्कवर आहे, दुसरीकडे कुठेही नाही. त्या मुलांपैकीच एक, वाघोलीच्या कॉलेजातली मुक्ताई, पाच वाजता डिस्क न्यायला येणार होती. सोमवारी तिचा इतिहासाचा पेपर. (पेनड्राइव्ह तिने दोनदा रिक्षात विसरलाय, म्हणून अख्खी डिस्कच जाते.) काकूंचा घसा तीन आठवडे बसला होता. त्या दिवशी सकाळी त्यांनी शेवटचा, चौदावा धडा वाचला आणि डिस्क तो घेईना. लिहायला मनाई आहे, एवढंच म्हणे.

काकांनी हिंजवडीतल्या पुतण्याला फोन लावून स्पीकर चालू केला होता.

“काका, चिल! व्हेरी कॉमन,” विक्रमदादा म्हणाला. मागे कंपनीच्या बसचा हॉर्न. “डिस्कपार्ट उघडा. सिलेक्ट डिस्क वन. मग ॲट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली. मग क्लीन. मग फॉरमॅट. एकदम नव्यासारखी! बॅकअप असेलच ना?” आणि उत्तर न ऐकताच फोन बंद.

“क्लीनने काय होतं?” काकूंनी विचारलं.

“डिस्क स्वच्छ होते.”

“म्हणजे माझं वाचन?”

काकांनी चष्मा काढला. काकू खुर्चीवर बसल्या. “नऊ वर्षं हो,” एवढंच म्हणाल्या. माझी एक नक्कल ओठावर आली होती, ती मी गिळली.

“तो हुकूम विचारत नाही गं,” काका हळूच म्हणाले. “खात्री आहे का, असंही नाही. टाकला की गेलं.” सव्वाचार झाले होते.

मग त्यांनी खाकरून वही उघडली. “नोंद करू. हुकूम: ॲट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली. कारण...” आणि पेन तिथेच अडलं. “कारण काय लिहू?”

“डिस्क बिघडली, लिहा की,” काकू म्हणाल्या.

“कशावरून? पुराव्याशिवाय नोंद करत नाहीत. तनया, मागील संदर्भ बघ. रीडओन्ली हा शब्द आधी कुठे आलाय का?”

मी पानं उलटली. तीन आठवड्यांपूर्वीच्या पानावर, काकांच्या सुबक अक्षरात, हुकूम होता: ॲट्रिब्यूट्स डिस्क सेट रीडओन्ली, म्हणजे डिस्क फक्त वाचा, लिहू नका. त्या दिवशी ‘बरोबर’ म्हणायला मला बोलावलं नव्हतं. आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द.

“वाच ना मोठ्याने,” काका म्हणाले.

“कारण: तनया.”

काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. “अहो! कुलूप तुम्हीच घातलंत?”

“ती इतिहासाच्या धड्यांत माझ्या नकला रेकॉर्ड करून ठेवत होती! चाळीस फायली!”

“बेचाळीस,” मी म्हटलं.

“आणि मला सांगायचं नाही?”

“नोंद केली होती. मग विसरलो,” काका म्हणाले, पण आवाज अगदी बारीक.

विक्रमदादाकडून उतरवून घेतलेल्या यादीतल्या शेवटच्या दोन हुकमांवर काकांनी पट्टी धरून रेघ मारली. मग रुजुवात. त्यांनी अक्षर न् अक्षर वाचलं, पडद्यावरच्या डिस्कच्या लिस्टमधल्या आकारावरून डिस्कचा नंबर दोनदा पडताळला, मी पडद्यावर बोट ठेवून ‘बरोबर’ म्हटलं. एंटर. चौदावा धडा सुतासारखा सरळ आत गेला. मग पुन्हा सेट रीडओन्ली, पुन्हा रुजुवात.

“आता ही नोंद वहीत पुरायची नाही,” काकूंनी बजावलं. “डिस्कवर चिकटवा.”

मुक्ताई आली तेव्हा काका चिठ्ठीला गोंद लावत होते. तिने डिस्क हातात घेतली, चिठ्ठीवरून बोटं फिरवली. “हे काय नवीन? काय लिहिलंय?”

मी खाकरले, नसलेला चष्मा वर केला. “ही डिस्क आमच्या संगणकावर कुलूपबंद आहे. बिघडलेली नाही. सल्ला देऊ नये.”

“थँक यू, काका,” मुक्ताई माझ्याकडे तोंड करून म्हणाली.

“मी इकडे आहे!” खरे काका कोपऱ्यातून ओरडले. “आणि मी असा बोलतो?”

काकूंनी हवेत बोट ठेवलं. “बरोबर.”