पऱ्यावरून ओढलेली सीमारेषा

सुहृदहो, आज ग्रामसभेत एकत्र शिकणाऱ्या मुलांची दोन शाळांत वाटणी यथासांग पार पडली.

शिक्षणखात्याच्या साहेबांनी 'सामाजिक वैविध्य' या विषयावर ओजस्वी प्रवचन केले आणि नकाशात थेट ओढ्यावरून, म्हणजे आमच्या पऱ्यावरून, रेषा ओढली. अलीकडे कुणबीवाडी, पलीकडे मोहल्ला. वैविध्याचे इतके निर्दोष वर्गीकरण मी प्रथमच पाहिले.

मोहल्ल्यातील फातिमाभाभी उठल्या. "अवो सायेब, पऱ्यावर लाकडी साकव दोनी वाड्या मिळून दरवर्षी घालतो. माझी सकीना नि ह्या कुणबीवाडीतल्या दादांची प्राची त्यावरनंच जाऊन एका बाकावर बसतात. आता तो काय खेकड्यांसाठी घालायचा?"

सभा हसली. साहेबही हसले. रेषा मात्र हलली नाही.

तूर्त ती पेन्सिलीची आहे. आपण तेथे असता, तर खोडरबर मागितला असता काय?