आधी हाताने फिरवा

रिटायर होऊन चार महिने झाले नाहीत तोच कांचनमावशींनी डिझेलमध्ये हात घातले. शुगर लँडमधली यच्चयावत मराठी मंडळी त्यांना मावशीच म्हणतात. बत्तीस वर्षं तेलकंपनीत पंपांची डिझाइन्स केली, आता बाईने निवांत बसावं की नाही? छे, नाव नको! समुद्रकाठच्या गॅल्व्हेस्टन गावच्या कम्युनिटी कॉलेजात बोटींच्या इंजिनांचा कोर्स निघाला होता. किनाऱ्यावर मोठी जहाजं ओढणाऱ्या टगबोटी ढीगभर, जुने मेकॅनिक गुडघे धरून घरी बसलेले आणि नवीन माणूस औषधालाही मिळत नाही, म्हणून हा खटाटोप. त्यात शिकवायलाही कोणी मिळेना. मग मावशी गेल्या.

"अगं, रोज एवढं ड्राइव्ह करणार? या उकाड्यात? एसी तरी आहे का तिथे?" नवऱ्याने, गिरीशने, विचारलं.

"शेड आहे. पंखा आहे," म्हणत मावशींनी डबा भरायला घेतला. लग्नाला पस्तीस वर्षं झालेला माणूस तो, त्याने पाण्याची मोठी बाटली भरून दिली.

वर्गात मावशींचा एकच हेका. काम कितीही घाईचं असो, बटण दाबण्याआधी प्रत्येक सिलिंडरची बारकी झडप उघडायची आणि इंजिनाच्या चाकाला पहार लावून ते हाताने पूर्ण फिरवायचं. आत पाणी झिरपलं असेल तर झडपेतून बाहेर येतं. न बघता बटण दाबलंत, तर पाणी काही दबत नाही, आतला जाडजूड रॉड वाकतो आणि इंजिनाचे बारा वाजतात. मुलं वैतागायची. हल्ली एवढं कोण करतं, म्हणायची. मावशी ढिम्म. मरिसोल मात्र न कुरकुरता करायची. चौतिशीची बाई, कोळंबीच्या बोटीवर वाढलेली, दोन मुलींची आई. तिला पक्की नोकरी हवी होती.

वर्ष संपता संपता कॉलेजने पेच टाकला. टगबोटी दुरुस्त करणाऱ्या यार्डने इथल्या एकाला तरी कामावर घेतलं तर कोर्स चालेल, नाहीतर गाशा गुंडाळा. यार्डने एकीलाच चाचणीला बोलावलं, मरिसोलला. वीस मिनिटांत टगचं इंजिन सुरू करून दाखवायचं.

मॅनेजर घड्याळ घेऊन उभा राहिला. मावशी मागे, दोरीच्या पलीकडे. मरिसोलने तेल पाहिलं, पाणी पाहिलं आणि झडपा उघडायला घेतल्या. एक, दोन, तीन... बारा झडपा! मग पहार लावली. इंजिन इंच इंच फिरायला लागलं. तेरा मिनिटं गेली. पंधरा गेली. मॅनेजरने जांभई दिली.

आणि इथे मावशींचा धीर सुटला. राहू दे गं बाई, एवढ्या एका दिवशी राहू दे, दाब ते बटण, असं त्या मनात घोकत होत्या. वर्षभर ज्याच्यासाठी मुलांचं डोकं खाल्लं, तेच सोडून द्यावं म्हणून त्या देवाला हात जोडत होत्या.

सतराव्या मिनिटाला सातव्या झडपेतून पाण्याची चिळकांडी उडाली. मरिसोलने पहार खाली ठेवली, हात पुसले आणि म्हणाली, "हे इंजिन मी सुरू करणार नाही."

मॅनेजर खाली वाकला. त्याचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी ती टग कामावर जायची होती आणि त्याच्याच माणसांनी ती तयार म्हणून सही केली होती. त्याने घड्याळ खिशात टाकलं. "सोमवारी ये," मरिसोलला म्हणाला आणि मावशींकडे वळला. "आणि तुमच्या वर्गात अजून कोण कोण आहे, त्यांची नावं मला द्या."

बाहेर गाडीपाशी मावशींना राहवेना. "मरिसोल, खरं सांगते. तू ते सोडून द्यावंस असं मला वाटत होतं. मला लाज वाटते."

मरिसोल हसली. "मलाही सोडावंसं वाटलं, मिस कांचन. पण तुम्ही मागे उभ्या होतात. तुमच्यासमोर कसं सोडणार?"

बत्तीस वर्षांत ऑफिसात कोणासमोर न रडलेल्या मावशींचे डोळे भर उन्हात भरून आले. त्यांनी मरिसोलचा तेलकट हात घट्ट धरला.

"पुढच्या बॅचला हा धडा तू शिकवायचास," त्या म्हणाल्या. "मी मुलांमध्ये बसेन."