बेल्ह्याची मानाची सुई

पुण्याहून निघताना आमच्या संशोधन संस्थेच्या साहेबांनी बजावलं, "सुईतून नशा करणारे शोधा. हिपॅटायटिस सी एकाकडून दुसऱ्याकडे कसा जातो, ते बघून या." जणू मंचरच्या नाक्यावर उतरून विचारायचं, काहो, इथले व्यसनी कुठं बसतात? मंचरला कांद्याच्या ट्रकांमागं अडकलो, मिसळ खाल्ली आणि उन्हं कलताना बेल्ह्याला पोचलो.

गुरांचा बाजार उलगला (संपला) होता. एका टेम्पोच्या आडोशाला तिघं बसले होते: बैलांचे दलाल तात्या, त्यांचा मेहुणा आणि टेम्पोवाला संपत. संपतची हळद आठवड्यावर आली होती. मधे गरम पाण्याचा तांब्या आणि एकच सिरिंज.

"नशा करता?" मी विचारलं.

"नाय वो. अंगदुखीचं औषध हाय," तात्या म्हणाले. "न्हाई घेतलं तर लई कापरं भरतं, एवढंच. घ्या पावणं, आधी तुमी."

पाहुणा आधी, मग वयाच्या मानानं, संपत शेवटी. म्हणजे थोरामोठ्यांच्या रक्तात जे असेल ते अदबीनं त्याच्यापर्यंत पोचणार. गरम पाण्यानं धुतलं की सगळं शुद्ध, ही तिघांची श्रद्धा. मला आधी हसू आलं, मग भीती वाटली.

मी मान नाकारला. प्रत्येकाला वेगळी नवी सुई दिली आणि बोटातल्या थेंबावरची तपासणी सुचवली. संपतनं लगेच हात पुढं केला. तात्यांनी नुसतं पाहिलं, तसा तो मागं गेला. मोठ्यांच्या आधी कसं?

"आधी पावणं," तात्या म्हणाले.

मग मीच बोट टोचून घेतलं. माझी एक रेघ आली, म्हणजे सुटलो. मग तिघांनीही बोटं पुढं केली. त्यांच्या दोन-दोन आल्या, म्हणजे लागण असावी.

"लगीन मोडंल आता," संपत खाली बघत म्हणाला.

पक्कं कळायला आणखी रक्त तपासावं लागेल, पण गोळ्यांनी हा आजार बहुतेकांचा पूर्ण बरा होतो, असं मी सांगितलं. त्याला ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिघांना घेऊन सरकारी दवाखाना गाठला. नंबर आला तसे तात्या सवयीनं उठले, दोन पावलं गेले आणि थांबले. मग त्यांनी संपतला दंडाला धरून पुढं केलं.

"आधी ह्याला घ्या, डॉक्टर. ह्याची हळद हाय." आणि संपतला म्हणाले, "तिच्या बापाशी मी बोलतो. सुई माझीच व्हती."

पुण्यात येऊन अहवाल लिहिला. त्यावर पहिलं नाव साहेबांचं, ज्यांनी बेल्हं नकाशातही पाहिलेलं नाही. माझं शेवटी. वाचून साहेब हळहळले, "काय मागास लोक राव."

तेवढ्यात चहा आला. आधी साहेबांना, मग वयाच्या मानानं. माझा कप येईपर्यंत गार झाला होता, आणि 'आधी ह्याला' म्हणणारा तात्या आमच्यात कुणी नव्हता.