सुपारीचा गणपती आणि कापडाचं विमान

माझा मुलगा जर्मनीत इंगोलश्टाटला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. आठवडाभर गाड्या आणि शनिवार-रविवार विमान. विमान म्हणजे आपण बसून येतो तसलं नव्हे. लाकडाच्या पट्ट्या, त्यांवर ताणून बसवलेलं कापड, पुढे पंखा आणि एका माणसाला बसायला भोक. शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडात असली विमानं उडत, त्यातल्या एकाची हुबेहूब नक्कल. गावाबाहेर गवताचं मैदान आहे. तिथल्या फेराइनमधले, म्हणजे त्यांच्या मंडळातले, चार-पाच जण मिळून कित्येक वर्षं ते बांधत होते. मला वाटायचं बांधण्यातच यांचं आयुष्य जाईल. तसं झालं असतं तर बरं, असंही वाटायचं.

माझा नवरा ट्रक चालवायचा. लग्न झाल्यापासून तो जाईपर्यंत मी गाडी कधी येते याची वाट बघण्यातच दिवस काढले. तो गेल्यावर इकडे आले, तेव्हा वाटलं, मुलगा टेबलावर बसून काम करतो, आता हे सुटलं. सुटलं नाही.

जेवताना त्याला दुसरा विषय नसे. इंग्रज सुरुवातीला कसे कसे पडले तेच सांगायचा. तेव्हा पट्टेसुद्धा नसत, विमान उलटं झालं की माणूस बाहेर. कुणाचा पंख हवेतच दुमडला. कुणी धुक्यात शिरला आणि वर कुठलं नि खाली कुठलं हेच त्याला कळेना. उडाल्या उडाल्या इंजिन बंद पडलं आणि मैदानाकडे परत वळायला गेले, असे तर किती.

"सरळ समोर उतरायचं, आई. शेत असो, कुंपण असो. वळायचं नाही. एवढं कळायला त्यांना इतकी माणसं घालवावी लागली."

"कळलं. आमटी घे."

"अहो, जेवताना तरी नको ना," सून म्हणायची.

तो थांबत नसे. एका ठिकाणी म्हणे आत पाना राहिला. विमान ज्या दांड्यानं वरखाली करायचं त्या दांड्याच्या बुडाशी जाऊन अडकला, दांडा हलेना, खलास. म्हणून उडण्याआधी आतलं सगळं झटकून, चाचपून बघायचं. आणि हसत हसत सांगायचा की ते वैमानिक मोठे देवभोळे होते. कुणी चिंध्यांची बाहुली बांधायचा, कुणी बायकोचा पायमोजा गळ्यात घालून वर जायचा. "स्क्रू कसलेत का ते बघायचं सोडून मोजे!" म्हणायचा. मी त्या माणसांच्या आयांचा विचार करायची आणि उठून भांडी धुवायला लागायची.

शेवटी विमान तयार झालं. पहिल्यांदा कोणी उडवायचं यावर त्यांची चर्चा झाली आणि माझ्याच मुलाचं नाव निघालं. तो लहान पोरासारखा खूश. सप्टेंबर संपत आला होता. एकदा ऑक्टोबर लागला की डोनाऊ नदीवरून धुकं येतं आणि मैदान गेलं. म्हणजे त्या शेवटच्या शनिवारी झालं तर झालं, नाहीतर पुढच्या वसंतात.

त्या सकाळी मी पूजेला बसले, तर तांदळावर गणपती नाही. आमचा गणपती सुपारीचा. पितळेचे देव मी धाकट्या मुलाकडे ठेवून आले, इथं एक सुपारी घेऊन आले. नवी गाडी आली, घर बदललं, त्याला बढती मिळाली, सगळ्याला तीच सुपारी मांडली. वापरून वापरून काळी, गुळगुळीत झाली आहे.

सुनेला विचारलं. ती म्हणाली, "आई, तुम्हीच कुठं ठेवला असेल. काल पुसलात ना?" मी पुसला होता आणि परत ठेवला होता. पण वाद घालायला अंगात जोर नव्हता. तिचेही डोळे जागरणानं सुजले होते. नुसत्या तांदळावर फूल ठेवलं आणि गाडीत जाऊन बसले.

मैदानावर सगळे जमले होते. कुणी केक आणले होते, कुणी थर्मासात कॉफी. एक म्हातारा जर्मन आहे, माझ्याच वयाचा असेल. तो सगळं तपासतो. त्यानं मान हलवल्याशिवाय तिथं कोणी उडत नाही. त्याची मान हलवून झाली होती. मुलगा विमानाला टेकून हातमोजे घालत होता. त्याचं तोंड बघितलं आणि माझ्या ध्यानात आलं. शाळेत असताना परीक्षेच्या दिवशी खिशात अंगारा लपवून न्यायचा, तेव्हा असंच तोंड करायचा.

"गणपती कुठाय?"

"कुठला गणपती?"

"आपल्या घरात किती आहेत?"

त्यानं म्हाताऱ्याकडे बघितलं. "हळू बोल, आई."

"इथं कोणाला मराठी कळतंय? कुठाय?"

"सीटच्या खाली. सगळं तपासून झाल्यावर ठेवला. रुमालात बांधलाय, पक्का."

"दाखव."

तो वैतागला. पण वाकला, आत हात घातला आणि रुमाल बाहेर काढला. गाठ सुटलेली होती. आत काही नव्हतं. त्यानं पुन्हा हात घातला, खांद्यापर्यंत, आणि बराच वेळ चाचपत राहिला.

"असेल इथंच कुठंतरी," तो म्हणाला.

"दांड्याच्या बुडाशी गेली असेल तर?"

"एवढी लांब नाही जात."

"पाना गेला होता ना?"

मला त्याचं गणित दिसत होतं. सांगितलं तर तळ उघडावा लागणार, दिवस जाणार, दिवस गेला की धुकं. एवढे लोक आलेत, केक आलेत. आणि कारण काय सांगायचं, तर सुपारी. "आई, इवलीशी सुपारी आहे ती," तो म्हणाला. "नंतर शोधू."

तेवढ्यात सून जवळ आली. तिला सगळं कळलं. मला वाटलं ती माझ्या बाजूनं बोलेल. तर ती म्हणाली, "असू दे ना, आई. देव बरोबर असलेला बरा. काढायला नका लावू."

"देव असेल," मी म्हटलं, "पण सुपारी गोल आहे."

मला तिथं भांडायचं नव्हतं. घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. पण ही दोघं तशीच उभी राहिली, तेव्हा मी माझी घडीची खुर्ची उचलली, विमानाच्या अगदी पुढ्यात, त्या लाकडी पंख्यासमोर मांडली आणि बसले. लोक बघायला लागले. कुणीतरी हसलं. म्हातारा कॉफीचा कप घेऊन आला.

"आल्झो?" तो म्हणाला, म्हणजे काय झालं.

"सांग त्याला," मी मुलाला म्हटलं. "नाहीतर मी इथंच संध्याकाळ करते."

"तू ऊठ आधी. लाज आणतेस."

"तू सांग, मी उठते."

शेवटी सांगितलं त्यानं. मान खाली घालून, हळूच, जर्मनमध्ये. म्हाताऱ्याला पहिल्यांदा समजलं नाही. दुसऱ्यांदा सांगावं लागलं, बोटांनी सुपारीचा आकार दाखवून. मला वाटलं आता हा ओरडेल. त्यानं कप गवतात ठेवला, माझ्याकडे बघून "गेनाऊ", म्हणजे बरोबर, म्हणाला आणि स्क्रू-ड्रायव्हर आणायला गेला. जाताना आणखी काहीतरी बोलला. सुनेनं सांगितलं, "तो म्हणतोय, देव खाली आल्याशिवाय कोणी वर जाणार नाही."

तळाच्या फळ्या काढल्या. बॅटरी लावून सगळे आळीपाळीनं डोकावले. जिथं दांड्याच्या तारा कप्पीवरून वळतात तिथं, कप्पीच्या शेजारी, सुपारी बसली होती. म्हाताऱ्यानं ती चिमट्यानं काढली, पुसली आणि मुलाच्या नव्हे, माझ्या हातात दिली. मग म्हणाला, कदाचित काहीच झालं नसतं. कदाचित झालंही असतं.

मुलानं पहिलं तेवढंच ऐकलं. तळ बसवून, पुन्हा सगळं तपासेपर्यंत ऊन उतरलं आणि वारा फिरला. लोक केक संपवून गेले. परत येताना गाडीत तो तेच तेच बोलत होता, "काहीच झालं नसतं म्हणाला ना तो." सून खिडकीबाहेर बघत होती.

घरी आल्यावर सुपारी ऊन पाण्यानं धुतली. तेलाचा वास लगेच गेला नाही. तो मागे येऊन उभा राहिला.

"एवढा शिकलेला तू," मी म्हटलं. "मोज्यांना हसायचास."

"भीती वाटली, आई."

"मग नको जाऊ."

"जायचंही आहे."

त्याचा बाप घाटाला शिव्या द्यायचा आणि सकाळी त्याच घाटानं जायचा. मी सुपारी तांदळावर ठेवली आणि त्याला म्हटलं, पोळ्या गार होतील.

हिवाळा गेला. धुक्यात मी आजारी पडले, बरी झाले. मग एप्रिलमध्ये एका रविवारी पुन्हा तेच मैदान, तेच केक. यावेळी निघण्याआधी मी स्वतःच तांदळावरची सुपारी उचलली आणि माझ्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. मुलगा बघत होता.

"हा खाली माझ्याजवळ राहील," मी म्हटलं. "तू वर जाऊन ये."

म्हाताऱ्यानं आत हात घालून सगळं चाचपलं, मान हलवली, मग माझ्याकडे वळून भुवया वर केल्या. मी पदराची गाठ दाखवली. पंखा फिरला. विमान गवतावरून खडखडत गेलं आणि उठलं. सुनेनं माझा खांदा घट्ट धरला, दुखेपर्यंत. मी वर बघितलं नाही. मान वर करून वाट बघायची सवय नाही मला, रस्त्याकडे बघायची आहे. नुसता आवाज ऐकत बसले. लांब गेला, वळला, परत आला. मग गवतावर चाकं आपटली.

सगळे टाळ्या वाजवत धावले. मी खुर्चीवरून उठले नाही. तो चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आई, पुढच्या रविवारी थोडं उंच नेणार आहे."

"बरं," मी म्हटलं. "पण ही खुर्ची फार टणक आहे. येताना एक उशी घे."