भावजींची डिस्क पुसताना

माझ्याकडे येऊन कुणी 'कॉम्प्युटर आपोआप बिघडला' म्हणालं की मी पहिलं विचारतो, तू काय दाबलंस? आपोआप काही होत नाही, ही माझी ठाम समजूत. महाडच्या एमआयडीसीत एका कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळायची नोकरी आहे, त्यामुळे ती समजूत रोज खरीच ठरते. गावात कुणाच्या अंगात आलं की मी हसू दाबत बाहेर जाऊन उभा राहतो. असा माणूस इथे लिहायला बसलाय, यावरून काय ते समजा.

गोष्ट दीडेक वर्षापूर्वीच्या पावसाळ्यातली, वरंधची. तिथे माझ्या थोरल्या बहिणीचं सासर. भावजी – दिनेश त्यांचं नाव – महाडच्या बाजारात झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवायचे. उन्हाळ्यात दुकानातच, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. हार्ट अटॅक. चाळिशीतला माणूस, ना दारू ना तंबाखू... दुकान भाड्याचं, ते सोडावं लागलं. चारही कॉम्प्युटर टेम्पोत घालून घरी आणले आणि शिवथरकडच्या एका शाळेला देऊन टाकायचं ताईने ठरवलं.

द्यायच्या आधी ते पुसायचे होते. नुसतं डिलीट करून भागत नाही, डिलीट केलेलं परत काढता येतं. आणि त्या दुकानात अर्ध्या तालुक्याची आधार कार्डं, सातबारे, पासबुकं स्कॅन झालेली. अशा वेळी अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहायची असतात. एकदा शून्यं लिहिली की खालचं कुणाच्या बापाला परत मिळत नाही, हे वाक्य मी ताईला छाती फुगवून सांगितलं होतं.

रविवारी जेवायच्या आत तीन कॉम्प्युटर पुसून झाले. चौथा काउंटरवरचा, भावजी ज्याच्यासमोर बसून गेले तो. किती टक्के पुसून झालं त्याचा आकडा स्क्रीनवर दिसतो; तो निम्म्याच्या थोडा पुढे गेला आणि थांबला. होतं असं. केबल बदलली, पुसायचा प्रोग्राम ज्यावर होता तो पेन ड्राइव्ह बदलला, परत सुरू केलं. त्याच आकड्यावर थांबला. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, तिथेही तोच आकडा. डिस्क तपासली, तर ठणठणीत. मग आत काय उरलंय ते उघडून पाहिलं. सगळं होतं. ज्या जागेवर मी पुन्हा पुन्हा शून्यं लिहिली होती, तिथल्या फाइली जशाच्या तशा. लोकांचे फॉर्म, फोटो, माझ्या भाचीच्या, सईच्या वाढदिवसाचा व्हिडिओसुद्धा.

हे होऊ शकत नाही. क्वचित होतं असंही नाही, होऊच शकत नाही. मला भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून रागही आला.

"ताई, हातोडी आण," मी म्हटलं. "फोडून टाकतो ही. शाळेला नवीन डिस्क घालून देऊ."

काकी, म्हणजे ताईच्या सासूबाई, पडवीत तांदूळ पाखडत होत्या. सूप खाली ठेवून त्या आत आल्या.

"फोडू नको रे. आदी त्याला इचार काय ऱ्हायलंय."

"कुणाला, काकी?"

"दिनूला."

भावजींच्या दशक्रियेला कावळा शिवला नव्हता. आम्ही सगळे नदीवर उन्हात ताटकळलो होतो. पोरीला शिकवू, आईला सांभाळू, ताईला काही कमी पडू देणार नाही... जे सुचेल ते मोठ्याने कबूल करून झालं. कावळे समोरच्या आंब्यावर बसलेले, पण एक खाली उतरला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि आम्ही घरी आलो. कावळ्यांची पोटं भरलेली असतील, असं मी म्हणालो होतो. काकींच्या मनातून मात्र ते गेलं नव्हतं.

काकी त्या कॉम्प्युटरसमोर पाटावर बसल्या. म्हातारीचं मन कशाला मोडा. पुसायचं काम परत सुरू केलं आणि ते नेहमीच्या जागी येऊन अडलं.

"दिनू, सईला शिकवू रे. पायजे तितकं शिकवू," काकी बोलू लागल्या. "घराकडं बगायला ह्यो संजय हाय. माजी काळजी नको करू. जा रे बाबा आता."

आकडा हलला नाही. मीही, खोटं कशाला सांगू, घसा खाकरून म्हणालो, "भावजी, मी आहे. ताईचं सगळं बघेन." काही नाही. नुसता पंख्याचा आवाज आणि बाहेर पाऊस.

ताई इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली, कॅबिनेटवर हात ठेवला आणि अगदी नेहमीच्या आवाजात, जेवायला वाढू का असं विचारावं तशी म्हणाली, "एकटं वाटतंय का हो तुम्हाला? मी येऊ का?"

आकडा एकाने पुढे सरकला.

मी पाहिला. काकींनीही पाहिला. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, पण हललेलं दिसतं. त्या पाटावरून उठल्या कशा मला कळलं नाही, त्यांनी ताईच्या तोंडावर हात दाबला होता.

"गप गो. येक सबूद बोलू नको." मग कॉम्प्युटरकडे वळून म्हणाल्या, "हिला नाय. हिच्या पदरात पोर हाय. मी येते, दिनू. सईची धावी होऊ दे, मंग मी येते."

आणि ते सरसर सुटलं. कुठेही न अडता शेवटपर्यंत गेलं. मी डिस्क उघडून पाहिली, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्यं. ताई खाली बसून रडत होती. काकी पडवीत जाऊन उरलेले तांदूळ पाखडायला लागल्या.

कॉम्प्युटर शाळेत गेले. चौथाही नीट चालतो, पोरं त्यावर चित्रं काढतात. या क्षेत्रातल्या चार जाणत्या लोकांना मी विचारलं. कुणी म्हणालं डिस्क अडकत असेल, कुणी म्हणालं पहिल्यांदा तू चुकीची डिस्क निवडली असशील. असेलही, असं मी स्वतःला समजावतो. पण मी चुकलो नव्हतो, आणि याचा उलगडा माझ्याकडे आजही नाही.

सई तेव्हा नववीत होती. आता दहावीला आहे, आणि तिला यातलं काही ठाऊक नाही. पोर हुशार आहे, पहाटे उठून अभ्यास करते. तिला उठवतात काकीच, दूधही त्याच तापवून देतात. काकींना साधा खोकलासुद्धा नाही.

परवा ताईचा फोन आला. हळू आवाजात म्हणाली, "संजू, यंदा सईला परीक्षेला नको बसवूया का?" दुसऱ्या कुणी असलं विचारलं असतं तर मी त्याची फिरकी घेतली असती. ताईला मी पेपर कधी सुरू होतात तेवढं विचारलं. तेवढ्यात काकींनी फोन घेतला असावा.

"पोरीचं वरीस फुकट नाय घालवायचं," त्या म्हणाल्या. "पेपराला तिला गाडीवरनं तू ने. यष्टीचा काय भरवसा नाय."

मी हो म्हणालो.