शेंदूर लागलेला सांधा

समजा, एक बंद पडलेलं स्टेशन तुमच्या ताब्यात दिलं आणि सांगितलं, हे परत चालू करा. मोठं जंक्शन नव्हे. माळावरचं, छोट्या लाइनीचं, एका खोलीचं. निम्मी कौलं फुटलेली, उरलेल्या निम्म्यांत साप. तिकिटाच्या खिडकीतून एक शेळी तोंड काढून अशी बघतेय, जणू तुम्हीच तिकीट मागायला आलात. काय कराल? आधी शेळ्या हाकलाल. त्या परत येतील. मग फलाटावरच्या बाभळी तोडाल, काटे पायात मोडतील. मग कौलं चढवाल, चुना कालवाल, भिंतींना गिलावा कराल, आणि गिलावा ओला असतानाच शेळ्या त्याला पाठ घासायला येतील. इथपर्यंत कुणालाही जमेल, डोकं तेवढं शाबूत ठेवायचं. आता पुढचं काम करून दाखवा. ज्या लोखंडी दांड्यानं गाडीचा मार्ग बदलतो तो दांडा फिरवायचा आहे, आणि अख्खं गाव म्हणतंय की तो देव आहे.

भीमाशंकर मिस्त्रीवर ही वेळ शहात्तर सालच्या उन्हाळ्यात खारेवाडीला आली.

भीमाशंकर मूळचा होटगीचा. गळ्यात लिंग, कपाळावर भस्म, घरात कानडी आणि कामावर मराठी. रेल्वेच्या बांधकामावर मिस्त्री म्हणून लागला तेव्हापासून त्याचं बिऱ्हाड म्हणजे एक ट्रंक आणि एक स्टोव्ह. आज इथला पूल, उद्या तिथली टाकी. बायको शांतम्मा होटगीत सासू आणि पोरं सांभाळून होती. सणावाराला तो घरी गेला की दारातलं कुत्रं त्याच्यावर भुंकायचं, आणि शांतम्मा आतूनच ओरडायची, "अरे भुंकू नको, मालक आहे तो घराचा. निदान कागदावर तरी!" होटगीच्या यार्डात मिस्त्रीची एक जागा रिकामी होणार होती. साहेबांनी त्याला शब्द दिला होता, "खारेवाडीचं स्टेशन तपासणीत पास करून दाखव. मग तुझी बदली होटगीला. पुन्हा हलायचं नाही."

म्हणून भीमाशंकर खारेवाडीवर तुटून पडला होता. कुर्डुवाडीहून मोडनिंबाकडं जाणाऱ्या त्या लाइनीवर खारेवाडीला पूर्वी गाडी थांबायची. मग माणसं कमी झाली, स्टेशनाला कुलूप लागलं. आता आसपास गुऱ्हाळं वाढली होती, गुळाच्या ढेपा भरायला वॅगन पाहिजे होती, आणि वॅगन उभी करायला स्टेशनाजवळची सायडिंग, म्हणजे बाजूचा रूळ, परत चालू व्हायला पाहिजे होता.

सायडिंगची किल्ली असते तिच्या सांध्यात. एका रुळाचे दोन होतात ती जागा म्हणजे सांधा. तिथं जमिनीलगत एक लोखंडी दांडा असतो आणि दांड्याच्या टोकाला भोपळ्यासारखं गोल वजन. दांडा उचलून पलीकडं टाकला की त्या वजनाच्या भारानं रुळाची जीभ सरकते. खारेवाडीत दांडा उजवीकडं पडला की गाडी सायडिंगला जायची, डावीकडं पडला की सरळ मोडनिंबाला. इतकी वर्षं पावसापाण्यात पडून तो गंजानं जाम झाला होता. भीमाशंकरनं रॉकेल ओतलं, घासलं, ठोकलं, ग्रीस भरलं. मग परत गंज धरू नये म्हणून वजनाला शेंदरी प्रायमरचा हात दिला. वरून काळा रंग द्यायचा होता, तो संपला होता. तो आणायला भीमाशंकर कुर्डुवाडीला गेला.

परत आला तर सांध्यापाशी नारळाच्या करवंट्या. झेंडूची माळ. विझलेली उदबत्ती. आणि शेजारी फतकल मारून बसलेली गोजाबाई.

गोजाबाई म्हणजे धनगरवाड्यातली सगळ्यात म्हातारी बाई. तिच्या शब्दाबाहेर वाड्यातलं मेंढरूसुद्धा जात नसे.

"आजी, हे काय?"

"देव परगटला, मिस्तरी."

"कुठला देव? हा सांध्याचा दांडा आहे!"

"आसंल की. दगडात परगटतो, तसा लोखंडात." गोजाबाईनं पान थुंकलं. "माजा एडका चार दिस गावत नव्हता. सकाळी बगते तर हितं उभा, देवाम्होरं. आन् कपाळाला ह्यो टिळा!"

एडका, म्हणजे तिचा मेंढा, शेजारीच रवंथ करत होता. त्याच्या कपाळावर शेंदरी पट्टा होता. भीमाशंकरला एका नजरेत सगळं कळलं. एडक्याला कपाळ खाजवायला वजन सापडलं होतं आणि रंग ओला होता.

"अहो आजी, तो माझा रंग आहे! डब्यातला! लोखंडाला गंज चढू नये म्हणून लावतात."

"वास तर शेंदराचा येतोय."

इथं भीमाशंकर अडकला. कारण खरं बोलायचं तर शेंदूर आणि तो प्रायमर यांत फारसा फरक नाही. दोन्हींत शिशाची तीच भुकटी. सोलापूरच्या बाजारात एकाच दुकानदाराकडून एक गिऱ्हाईक ती देवाला नेतं आणि दुसरं पुलाला. हे त्याला माहीत होतं आणि खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"वस्तू एकच आहे," तो म्हणाला, "पण मी रंग म्हणून लावला."

"तू रंग म्हणून लावलास, त्येनं शेंदूर म्हणून घेतला. वस्तू एकच म्हंतुस, मग भांडतुस कशाला?"

भीमाशंकरनं आकाशाकडं बघितलं. "एन् माडली शिवने!" काय करू रे शिवा, असं तो कानडीत म्हणाला. रागावला की त्याचं मराठी संपायचं.

त्यानं काळ्या रंगाचा डबा उघडला. तेवढ्यात सिदू धावत आला. सिदू हा गावचाच, गोजाबाईचा भाचा, स्टेशन चालू झालं की सांधेवाला म्हणून लागणार होता. गाडी आली की दांडा फिरवायचं काम त्याचं.

"मिस्तरी, काय करताय? देवाच्या तोंडाला काळं फासताय?"

"सिद्या, तुला नोकरी पाहिजे का नको?"

"पायजे की."

"मग उद्या हा दांडा फिरवायचा कुणी?"

"फिरवायचा म्हंजी देवाला डोक्यावर उलटा पाडायचा," सिदू म्हणाला. "ते मला जमायचं न्हाय. नोकरी ऱ्हाऊ द्या, पर घरात आत्ती जेवायला वाढायची न्हाय."

भीमाशंकरनं समजावलं. दटावलं. आमच्या देवाला भस्म लागतं, शेंदूर नाही, तेव्हा हा देव मला ओळखत नाही आणि मी त्याला, असंही सांगून बघितलं. कुणी ऐकेना. तपासणीला साहेब येणार, इंजिन एक वॅगन सायडिंगला ढकलून दाखवणार, तरच स्टेशन पास. आणि दांडा तर देव होऊन बसला. शेवटी एका दुपारी त्याचं टाळकं फिरलं. "सरा बाजूला," म्हणून त्यानं दांड्याला हात घातला. दांडा धरण्याआधी आपण चप्पल काढून ठेवली हे त्याच्या नंतर लक्षात आलं, आणि मग तो स्वतःवरच जास्त चिडला.

गोजाबाईनं डोळे मिटून हात जोडले. "देवा, ह्या मानसाचा हात चालतोय का तुला? चालत आसंल तर उजवा दे."

दांडा अर्ध्यावर आला आणि ग्रीसनं भीमाशंकरचा हात सटकला. वजन क्षणभर वर उभं राहिलं, मग धप्पकन उजवीकडं पडलं.

"उजवा! उजवा कौल दिला!" गोजाबाई ओरडली.

देवाला फुलं चिकटवून सवाल घालायचा, उजवीकडचं फूल पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार, ही या मुलखातली जुनी रीत. इथं फुलांची गरजच नव्हती, देव स्वतःच पडत होता. उलटा पाडला तर अपमान, पण सवाल घालून पाडला तर तो कौल. गाव एका क्षणात खूश झालं. सिदूनंही दांडा धरला, सवाल घालून दोनदा फिरवून दाखवला. भीमाशंकरला वाटलं, सुटलो.

तो काही सुटला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून लोक कौल मागायला यायला लागले. विहिरीला पाणी लागेल का? पोरीला मोडनिंबचं स्थळ धरावं का? शेळीला जुळी होतील का? हरेक सवालाला दांडा इकडून तिकडं. आणि रोजची गाडी तर त्याच रुळावरून जायची! एकदा दांडा सायडिंगकडं पडलेला तसाच सोडून कुणीतरी नवरदेव बघायला निघून गेला. भीमाशंकरनं गाडीच्या शिट्टीच्या आत धावत जाऊन तो सरळ केला. मग त्यानं दांड्याला साखळी घालून कुलूप लावलं. किल्ली कमरेला. आता लोक त्याच्याकडं किल्ली मागायला यायला लागले. कुणी दारात दूध ठेवून गेलं, कुणी नारळ. होटगीचा लिंगवंत मिस्त्री खारेवाडीच्या धनगरी देवाचा पुजारी झाला, आणि हे शांतम्माला कळलं तर ती कुत्र्यापेक्षा मोठ्यानं भुंकेल, असं त्याला वाटलं.

तपासणीचा दिवस उजाडला. साहेब आले. स्टेशन चुन्यानं लखलखत होतं, गिलाव्यावर शेळीचा एक केस नव्हता. कौलं बघून, फलाट बघून साहेब मान डोलावत होते. मग सांध्यापाशी आले.

"वजन काळं का नाही?"

"शेंदरी जास्त टिकतं साहेब," भीमाशंकर म्हणाला. हे निदान खोटं नव्हतं.

इंजिन वॅगन घेऊन उभं होतं. सिदूनं दांडा धरला, गोजाबाई पुटपुटली, "हितं गाडी थांबंल का, देवा?" दांडा उजवीकडं. वॅगन सायडिंगला गेली, इंजिनही तिच्यामागं आत जाऊन उभं राहिलं. साहेब हसले. भीमाशंकरच्या डोळ्यांपुढं होटगीचं यार्ड दिसायला लागलं.

"आता सरळ करा," साहेब म्हणाले. "रोजची गाडी येईल."

सिदू हलेना. गोजाबाई दांड्यापुढं आडवी झाली.

"न्हाय," ती म्हणाली. "उजवा मिळालाय. आता डावा पाडला तर देव 'नगं' म्हणाला आसं हुईल. टेशन बंद पडंल."

"काय म्हणतेय ही?" साहेबांनी विचारलं. लांबून शिट्टी ऐकू आली. गाडी स्टेशनाबाहेरच्या सिग्नलपाशी येऊन थांबली होती आणि ड्रायव्हर चिडून शिट्टीवर शिट्टी मारत होता.

"आजी, पाया पडतो," भीमाशंकर म्हणाला.

"माज्या पडून काय? त्येच्या पड."

भीमाशंकर मनाशी हिशेब करायला लागला. दांडा डावीकडंच पडायला पाहिजे. डावा म्हणजे नाही. मग ज्याला 'नाही' हेच चांगलं उत्तर, असा सवाल पाहिजे. तो दांड्यापुढं उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "देवा, ह्या स्टेशनाला परत कुलूप लागेल का?"

गोजाबाईनं क्षणभर विचार केला. मग ती बाजूला झाली. सिदूनं दांडा उचलला आणि डावीकडं टाकला.

"न्हाय म्हणाला!" पोरंबाळं ओरडली. "कुलूप लागायचं न्हाय!" गाडी धडधडत आली आणि खारेवाडीला थांबली.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. स्टेशन पास केलं. मग भीमाशंकरच्या खांद्यावर हात ठेवला. "मानलं तुला. पण आता एक सांग. गुळाची वॅगन येणार, जाणार. दर वेळी दांडा दोनदा फिरणार. दर वेळी असे सवाल घालणार कोण?"

"सिदू आहे की साहेब!"

"मला न्हाय सुचत सवाल," सिदू तिथल्या तिथं म्हणाला. "परवा डावीकडं टाकताना म्या इचारलं, औंदा पाऊस पडंल का. लोकांनी मारायचंच बाकी ठेवलं."

"बघ," साहेब म्हणाले. "तुझ्याशिवाय हे स्टेशन चालायचं नाही. होटगीचं नंतर बघू."

त्या रविवारी भीमाशंकर घरी गेला. कुत्रं भुंकलं. शांतम्मानं सगळं ऐकलं आणि हसता हसता डोळे पुसले. जेवताना म्हणाली, "गावाला दोन्हीकडून सोयीचे सवाल घालून देता. एक सवाल आपल्या घरासाठी घालायला काय झालं?"

सोमवारी दुपारी तो सांध्यापाशी गेला. गाडी यायला अवकाश होता, आसपास कुणी नव्हतं. त्यानं कुलूप काढलं आणि दांडा उचलून मधोमध उभा धरला. उजवीकडं ढकलावा तर ते उत्तर आपणच दिलेलं. डावीकडं ढकलावा तर तेही आपलंच. सवाल बेतून बेतून कौलाची वाट कशी बघायची हेच तो विसरला होता. हात सोडून द्यावा एवढंच बाकी होतं, आणि तो हात काही सुटेना.

"सांग की रे आता," तो कानडीतच म्हणाला, कारण मराठी संपलं होतं. "मी होटगीला जाणार का नाही?"